अडलेल्या बोलण्याचा साठा

विशाखाअक्का कुणाचंही वाक्य पुरं करत नसत. ऐकायला ही गोष्ट साधी वाटते, पण त्यांच्यासोबत एक दिवस काढला की माणूस वैतागून जायचा. रिक्षावाला पत्ता आठवत अडला तर आपण चटकन सांगून मोकळे होतो, अक्का थांबायच्या. भाजीवाली बोलता बोलता गप्प झाली तर आपण 'हं, मग?' म्हणतो, अक्का तेही म्हणायच्या नाहीत. वर्गात कुणी उत्तर देताना अडकलं आणि मागच्या बाकावरून कुजबुज आली, तर त्या नुसता हात वर करायच्या. मग सगळा वर्ग त्या एकट्या मुलाची वाट बघत बसायचा.

माझ्यावर ती वेळ आली तेव्हा मला हा शुद्ध छळ वाटला होता. रडू फुटायचंच काय ते बाकी होतं. कसाबसा शब्द सापडला आणि मी खाली बसले, तेव्हा लक्षात आलं की त्या सबंध वेळात अक्कांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, की घाई नव्हती. त्या ऐकत होत्या. पण हे कळूनही पुढं बरेच दिवस मी त्यांच्या तासाला खांबामागची जागा धरून बसत असे.

गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात त्या इंग्रजी शिकवायच्या. कायम नव्हत्या, गेस्ट लेक्चरर होत्या. दर वर्षी नवा अर्ज करायचा, यादीत नाव लागलं की शिकवायचं. अशी अकरा वर्षं झाली होती. गाव चिटगुप्पा. घरात मराठी, गल्लीत दखनी, शाळेत कन्नड आणि पोट भरायला इंग्रजी, असा त्यांचा संसार. लग्न केलं नाही. 'कामून केलं न्हाईत, अक्का?' असं आम्ही एकदा धीर करून विचारलं, तर त्या विचारात पडल्या आणि इतका वेळ थांबल्या की आम्हीच विषय बदलला.

त्यांच्या संशोधनाचा विषय मात्र आमच्या कॉलेजात चेष्टेचा होता. ज्यांची मायबोली इंग्रजी नाही असे दोन परके लोक, दुसरी कुठलीच भाषा सामाईक नाही म्हणून एकमेकांशी इंग्रजीत बोलतात, तेव्हा ते काय करतात? कसं निभावतात? त्यासाठी अक्का अशी खरी बोलणी गोळा करत. तुरीच्या गंजात, म्हणजे घाऊक बाजारात, मद्रासकडच्या व्यापाऱ्यांची, स्टेशनजवळच्या लॉजवर बंगाली पाहुण्यांची, दवाखान्यात केरळच्या नर्सबायांची. ती ध्वनिमुद्रित करायची, शब्दन् शब्द कागदावर उतरवायचा, मग कॉम्प्युटरमध्ये घालायचा. एक शब्द दिला की तो जिथं जिथं आला त्या सगळ्या ओळी पडद्यावर एकाखाली एक येत आणि तो शब्द मधोमध उभ्या रांगेत दिसे. याला कॉर्पस म्हणतात. बाजारात हे कुणाला सांगायचं? अक्का सांगायच्या, 'बोलण्याचा साठा करायलेय.' गंजातल्या माणसाला साठा बरोबर कळतो.

एका परिसंवादात एका मोठ्या प्राध्यापकांनी त्यांना सगळ्यांदेखत विचारलं होतं की असली मोडकीतोडकी इंग्रजी जमवून काय साधणार. सभागृहात हशा पिकला. अक्का हशा ओसरेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, 'सर, त्या दोघांचा सौदा झाला. मोडलं काय?' पुढचा वक्ता बोलायला उठला, पण लोक अक्कांकडेच बघत होते. परतीच्या बसमध्ये मी त्यांना म्हटलं, चांगली जिरवलीत. तर त्या माझ्यावरच चिडल्या. 'जिरवायला न्हाई बोलले मी. त्यांना खरंच इचारलं.'

वचनाला त्या भलत्या पक्क्या. ज्याचा आवाज घ्यायचा त्याच्यापुढं बसून त्याला कळेल अशा भाषेत सगळं समजावायच्या, चहा घ्यायच्या, सही घ्यायच्या आणि आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी द्यायच्या. 'नको वाटलं तर कवा बी फोन करा, तुमचा आवाज काढून टाकते.' लॉजच्या एका मॅनेजरनं खरंच फोन केला. मालकानं त्याला दटावलं होतं. त्याचं बोलणं कागदावर उतरवायला मला दोन आठवडे लागले होते. अक्का लॅपटॉप घेऊन लॉजवर गेल्या आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्यांनी सगळं पुसलं. मी सोबत होते; माझा जीव तिळतिळ तुटत होता. तो बिचारा ओशाळून 'सॉरी मॅडम' म्हणत राहिला. अक्का म्हणाल्या, 'सॉरी कामून? तुमचंच होतं की.'

बोलणं कागदावर उतरवायचं काम आम्ही चौघी करायचो, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या मुली. कॉलेजच्या जिन्याखाली एक खोली होती, तिथं हेडफोन लावून बसायचं. अक्कांचा नियम एकच होता. 'ऐकलं ते लिवायचं. समजलं ते न्हाई.' माणूस अडला तर अडलेलं लिहायचं. दोनदा तोच शब्द म्हणाला तर दोनदा. गप्प बसला तर किती सेकंद गप्प बसला ते लिहायचं. गप्प राहण्याचीसुद्धा खूण ठरलेली होती. सेकंद मोजताना अक्का टेबलावर करंगळी टेकवत जायच्या, आणि आम्हालाही ती सवय लागली.

आता माझ्या अप्पांविषयी सांगायला हवं. आमचं गाव खजुरी, आळंद तालुक्यातलं. अप्पांची शेती आहे आणि गंजात अडतीचं दुकान आहे. अप्पा दहावी झालेले, पण 'मद्रासवाल्यांशी मी इंग्लिशमधी धंदा करतो' हे पाहुण्यारावळ्यांत अभिमानानं सांगणारे. म्हणून मीच अक्कांना त्यांच्या दुकानाचा रस्ता दाखवला. अमुक नंबरचा गाळा, म्हातारे चांगले बोलतात, एवढंच सांगितलं. माझे वडील आहेत हे सांगितलं नाही. आपल्या माणसाचं काम कदाचित घ्यायच्या नाहीत, असं तेव्हा मी स्वतःला पटवलं होतं. खरं कारण मला आजही नीट सांगता येत नाही.

पहिल्या दिवशी अप्पांनी त्यांना विचारलं, 'चिटगुप्प्याच्या म्हंजे कुणाच्या तुम्ही?' आमच्याकडं हा प्रश्न आधी, नाव नंतर. अक्का म्हणाल्या, 'सूर्यवंशींच्या. बुद्धविहाराच्या मागं घर हाय.' अप्पा क्षणभर थांबले. मी शेजारच्या गाळ्यात उभी राहून ऐकत होते. मग अप्पांनी हाक मारून चहा मागवला, स्वतः घेतात तसल्याच कपात, आणि म्हणाले, 'घ्या मॅडम, काय ते इचारा.' मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीही लाज वाटली.

त्या महिन्यात अप्पांचं आणि तामिळनाडूतून दुकानात आलेल्या एका डाळमिलवाल्याचं बोलणं अक्कांनी घेतलं. उतरवायला ते माझ्याच वाट्याला आलं.

हेडफोनमध्ये अप्पांचा आवाज आला आणि मी सावरून बसले. थोडा वेळ बरं चाललं. मग अप्पांना सांगायचं होतं की खालच्या थप्पीतल्या काही पोत्यांना जमिनीची ओल लागली होती, ती वेगळी काढली आहेत, विकायची आहेत ती कोरडी आहेत. ते काही केल्या जमेना. एक शब्द, मग थांबणं. पुन्हा तोच शब्द. पोत्यावर हात थोपटल्याचा आवाज. 'सॉरी सर.' मग गप्प. मी करंगळी टेकवत गेले, अकरा झाले. पुन्हा 'सॉरी सर, सॉरी.' ज्या माणसापुढं अख्खा गंज आदबीनं बोलतो, तो माणूस कुण्या परक्यापुढं शाळेतल्या पोरासारखा माफी मागत होता. मला ते ऐकवेना.

आमच्या भागात एक रीत आहे. घरात, बाजारात, कचेरीत मोठं माणूस दुसऱ्या भाषेत अडलं की शेजारचं लहान माणूस हळूच तो शब्द पुरवतं, आणि सगळे असं वागतात की तो मोठ्यांनीच म्हटला. कुणी हसत नाही, कुणी आभार मानत नाही. तीन-चार भाषांच्या मुलखात याशिवाय म्हाताऱ्यांची अब्रू राहायची कशी? मी आजोबांना कन्नड शब्द पुरवत लहानाची मोठी झाले. त्या दिवशी कागदावर मी तेच केलं. अप्पांचं वाक्य मी पुरं केलं. 'सॉरी' काढले, अकरा सेकंद काढले. मिलवाला मधूनमधून काहीतरी म्हणत होता, ते आता विनाकारण लोंबायला लागलं, म्हणून तेही काढलं. पान स्वच्छ झालं. उतरवलेल्या पानावरही बोलणाऱ्याची सही लागायची; अप्पांना तेच पान दाखवलं गेलं आणि त्यांनी न वाचता सही केली.

दीड वर्षानं, आमचं एम.ए. होऊन गेल्यावर, फेब्रुवारीतल्या एका दुपारी अक्कांनी आम्हा चौघींना जिन्याखालच्या खोलीत बोलावलं. प्रबंध द्यायला दोन महिने उरले होते. विद्यापीठानं दिलेली ती शेवटची मुदतवाढ होती. पीएच.डी. हातात नसेल तर पुढच्या वर्षी यादीत नाव लागणं अवघड, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अक्कांनी लॅपटॉप आमच्याकडं वळवला. अडण्याच्या सगळ्या जागा त्यांनी शोधून काढल्या होत्या, एकाखाली एक.

'बघा,' त्या म्हणाल्या. 'तरणी माणसं अडायलीत. बाया अडायल्यात. परगावचे म्हातारे बी अडायलेत. फक्त आपल्या इकडचं एक बी म्हातारं माणूस कुठंच अडत न्हाई. माझी आई दिवसातून धा वेळा अडती. हे कसं काय?'

घोडं कुठं पेंड खातंय हे आम्हाला तत्काळ कळलं. आम्ही चौघी खाली बघायला लागलो. तेव्हाच समजलं की हे एकट्या माझं काम नव्हतं. चौघींनीही केलं होतं, एकमेकींना न सांगता, आपल्याकडच्या ओळखीच्या आणि अनोळखी सगळ्या म्हाताऱ्यांसाठी. अक्कांनी कुणालाच बोलतं केलं नाही. त्या नेहमीसारख्या थांबल्या, आणि ते थांबणं मला सोसलं नाही. मी सांगून टाकलं, अप्पांचंही.

'तुझे वडील हाईत हे मला आधी कामून सांगितलं न्हाईस?' एवढंच त्यांनी विचारलं.

मग आम्ही चौघी एकदम बोलायला लागलो. झाकली मूठ सव्वा लाखाची. मूळ आवाज कोण ऐकत बसणार आहे? कुणाला कळणार आहे? अक्कांच्या गाइडनीही त्याच संध्याकाळी तेच सुचवलं: आता देऊन टाका, पुढं सुधारा. अक्का आम्हाला म्हणाल्या, 'मला कळलंय न्हाई का.' दुसऱ्या दिवशी त्यांनी विद्यापीठाला पत्र लिहिलं, की माझ्या साठ्यातली काही पानं खरी नाहीत, ती पुन्हा ऐकल्याशिवाय मला प्रबंध देता येत नाही. पत्रात आमचं नाव नव्हतं. 'माझ्या देखरेखीत राहिलेली चूक' असे शब्द होते. मुदत गेली. नवीन वर्षाच्या यादीत त्यांचं नाव लागलं नाही. अकरा वर्षांनंतर त्यांनी जिन्याखालच्या खोलीची किल्ली शिपायाकडं दिली आणि चिटगुप्प्याची बस धरली. आमच्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

चिटगुप्प्यात त्या सकाळी एका खाजगी शाळेत शिकवायच्या आणि दुपारी घरी बसून ऐकायच्या. आमच्यापैकी कुणाची मदत त्यांनी घेतली नाही. प्रबंध पुढं कधीच दिला नाही, पण साठा पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा उतरवला. त्याला तीन वर्षं लागली. तोवर मला उदगीरला नोकरी लागली होती. एक दिवस त्यांचा फोन आला. 'तुझ्या वडलांना दाखवलेला कागद तू लिवलेला होता. आता येगळा झालाय. त्यांना परत इचारलं पायजे. मी खजुरीला येऊ का?'

मी म्हटलं, आम्हीच येतो. जाताना बसमध्ये अप्पांना सगळं सांगितलं, म्हणजे सांगायचा प्रयत्न केला. मी त्यांचं बोलणं बदललं होतं, हे वाक्य मला पुरं करता येईना. अप्पा खिडकीबाहेर बघत होते. हुमनाबाद मागं टाकल्यावर म्हणाले, 'म्हंजे मी अडलेलो तुला ऐकू आलं तर.' आणि पुन्हा बाहेर बघायला लागले.

अक्कांचं घर दोन खोल्यांचं. एका भिंतीला वह्यांची चवड, टेबलावर लॅपटॉप आणि छोटा स्पीकर. अक्का वाळल्या होत्या. पाणी झालं, चहा झाला. मग त्यांनी अप्पांना सांगितलं, 'अण्णा, आधी ऐका. मग ऱ्हाऊ द्या म्हणा, न्हाईतर काढा म्हणा. काढा म्हणलात तर आत्ताच काढते.' हे बोलणं म्हणजे त्यांच्या सगळ्या साठ्यातला सर्वांत मोलाचा तुकडा होता. हे त्यांनी मला फोनवर सांगितलं होतं. अप्पांना मात्र सांगितलं नाही.

आवाज सुरू झाला. मी फरशीकडं बघत राहिले. एक शब्द, थांबणं, पुन्हा तोच शब्द. पोत्यावरचा हात. 'सॉरी सर.' मग ते अकरा सेकंद. अप्पा हलले नाहीत. आवाज संपला.

'परत लावा,' अप्पा म्हणाले.

दुसऱ्यांदा मीही ऐकलं. त्या शांततेच्या आधी आणि नंतर, मी विनाकारण लोंबणारं म्हणून काढून टाकलं होतं ते सगळं आता पहिल्यांदा नीट ऐकलं. 'स्लोली, ब्रदर. नो हरी.' मग मिलवाला स्वतःच हळू झाला. एक अंदाज केला. अप्पा म्हणाले, नो. दुसरा केला, नो. तोही अडला, तोही 'सॉरी' म्हणाला, तोही हसला. मग त्याच्याही हाताची पोत्यावरची थाप ऐकू आली, अगदी खालून, जमिनीपासून, आणि दोघं एकदमच 'येस, येस' म्हणाले. अप्पांची लाज झाकताना मी या माणसाचा सगळा चांगुलपणा पुसून टाकला होता. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते लपवलं नाही.

'मी आपला समजून चाललो,' अप्पा सावकाश म्हणाले, 'त्या दिवशी त्यानं मला येडा ठरवलं. दुसऱ्या साली त्याचा फोन आलता. मी उचललोच न्हाई. परत तोंड दाखवायचं जिवावर आलं.' त्यांनी स्पीकरकडं बोट केलं. 'ह्यो तर थांबलाय की, मॅडम. बघा की किती थांबलाय.'



'ऱ्हाऊ द्या. सगळं ऱ्हाऊ द्या. त्याचं बी, माझं बी.' अप्पांनी नव्या कागदावर सही केली, या वेळी चष्मा लावून, वाचून. मग विचारलं, 'त्याचा नंबर हाय का तुमच्यापाशी? माझ्याकडचा गेलाय.'

'हाय. पर मला देता येत न्हाई, अण्णा. त्यांना तसा शब्द दिलाय. इचारते.'

त्यांनी तिथंच फोन लावला. आपल्या संथ इंग्रजीत कोण, कुठून ते सांगितलं. थोडा वेळ ऐकलं. मग फोन अप्पांपुढं धरला. 'द्या म्हणायलेत.'

अप्पा उभे राहिले. टोपी सारखी केली, फोन दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाले, 'हॅलो सर.'

अक्कांनी टेबलावरचा रेकॉर्डर उचलून पिशवीत घातला, माझं मनगट धरलं आणि मला जवळजवळ ओढतच बाहेर आणलं. माझा पाय निघत नव्हता. 'अक्का, हे तर तुम्ही ऐकायला पायजे,' मी म्हटलं. 'न्हाई,' त्या म्हणाल्या, 'हे त्यांचं त्यांचं हाय.' आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

आम्ही पायरीवर बसलो. आतून अप्पांचा आवाज यायचा, मधेच थांबायचा. माझे कान दाराकडंच होते. ते अक्कांच्या ध्यानात आलं. मग त्या एकाएकी बोलायला लागल्या. माझ्या आईचा गुडघा कसा आहे, उदगीरची खोली कशी मिळाली, खजुरीत यंदा ज्वारीचं काय, शाळेत नवी आलेली पोरं किती वांड आहेत, एकामागून एक, माझ्या उत्तराची वाट न बघता, आतलं काही आमच्या कानांवर येऊ नये इतक्या मोठ्यानं. पुढच्या थंडीत अक्का गेल्या; ती आमची शेवटची भेट. इतक्या वर्षांत त्यांना असं न थांबता बोलताना मी त्या दिवशीच ऐकलं, आणि आत माझे अप्पा कुणाला काय म्हणाले, ते मला आजही माहीत नाही.